खाचेतलं नाव

नॅशव्हिल, टेनेसी
६ मार्च १९९५

ती. हेटीताईस,

तुझ्या धाकट्या आणि तुझ्या मते बिनकामाच्या भावाचा दंडवत. फोन केला तर मशीनच्या आवाजात तुला ऐकू येत नाही, आणि आलाच तर दोन वाक्यांत ठेवून देतेस. म्हणून पत्रच बरं.

सातही पेट्या शनिवारी पोचल्या. चार गिटारी, तीन बास, एकालाही ओरखडा नाही. ॲशच्या फिकट लाकडाचा तो चारतारी बास उघडला आणि मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. तू म्हणशील, गेरिटला बघत बसण्याशिवाय येतं काय? खरं आहे. पण लोकांना बघायला लावणं हेही कामच आहे, आणि ते मला येतं. वाद्यांच्या प्रदर्शनातल्या टेबलासाठी काळी मखमल घेतलीय, वरून तीन दिवे सोडणार आहे. सांगितल्याप्रमाणे त्या बासला तू तारा चढवल्या नाहीस आणि मान सुटी पाठवलीस, हे फार छान केलंस. बाबांची जुनी करामत मी प्रदर्शनात सगळ्यांसमोर करणार आहे. एकही स्क्रू न लावता मान धडाच्या खाचेत दाबायची आणि नुसत्या मानेला धरून अख्खा बास वर उचलायचा. जोड इतका घट्ट की धड हवेत लोंबतं, पण सुटत नाही. या गावात हे करून दाखवणारं दुसरं टेबल नसेल.

बाबा मजेत आहेत, म्हणजे तक्रारी करताहेत. इथली तिखट कोंबडी त्यांना सोसत नाही. चर्चमध्ये गिटार वाजवतात म्हणून दोन रविवार रुसून घरी बसले. ज्या माणसाची हयात इलेक्ट्रिक गिटारी करण्यात गेली, त्यानं हे म्हणावं! हातांचा कंप आहे तसाच आहे. पण मिशिगनच्या थंडीपेक्षा इथे बरे आहेत.

टेबलाच्या वर सोनेरी अक्षरांची पाटी करून घेतलीय: ‘हार्मेन डायकेमा. एकाच माणसाचे दोन हात. १९६६ पासून.’ वाचून माझ्याच अंगावर काटा आला. प्रदर्शन सतरा ते एकोणीस. तू तिकडे चर्चच्या बाकावर पेपरमिंट चघळत आमच्यासाठी प्रार्थना कर.

रागावलीस तर पुढच्या पत्रात रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा
गेरिट


ओव्हरिसेल, मिशिगन
१० मार्च १९९५

चि. गेरिट,

आशीर्वाद. ते सवयीनं लिहिले आहेत, खूश होऊ नकोस.

एकाच माणसाचे दोन हात? कोणाचे रे? बाबांच्या हातांनी गेल्या पाच वर्षांत कॉफीचा कप न सांडता उचललेला नाही. तुझ्या मखमलीवर पहुडलेल्या सातांपैकी एकालाही ते हात लागलेले नाहीत. लाकूड मी निवडलं, दोन वर्षं शेडच्या माळ्यावर वाळवलं, कापलं. माना मी तासल्या. आवाज उचलणाऱ्या पिकअपवर केसाहून बारीक तारेचे आठ आठ हजार वेढे मी दिले, आणि त्यापायी माझा उजवा खांदा आता रात्रंदिवस बोलतो. बावीस वर्षं मी हे करते आहे. पहिली सतरा वर्षं बाबांच्या शेजारी उभी राहून, पुढची पाच एकटी. आणि तू सोन्यानं लिहितोस, एकाच माणसाचे दोन हात!

पाटी बदल. ‘हार्मेन आणि हेन्रिएटा डायकेमा’ एवढं लिही. फार मागत नाही मी. बाबांचं नाव आधी असू दे, मोठं असू दे. खोटं मात्र नको.

आणि एक सांगते. प्रत्येक धडाच्या खाचेत तळाला बाबांचा शिक्का असतो, तो तुला ठाऊक आहेच. या सातांच्या खाचेत, आतल्या उभ्या भिंतीवर, मी पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं आहे. जुन्या कारखान्यात कामगार लिहायचे, तसंच. मान बसली की दिसत नाही. पण उद्या चाळीस वर्षांनी कुणी दुरुस्तीला मान उतरवील आणि त्याला कळेल की हे कुणी केलं. स्क्रू काढून बघ हवं तर. सातही बघ.

बाबांना कान दुखेल इतक्या मोठ्यानं माझा नमस्कार सांग. त्यांच्या रात्रीच्या गोळ्या विसरू नकोस.

पाटी बदललीस की तुझ्यावर पूर्वीइतकाच जीव आहे असं समज.

हेटी


नॅशव्हिल
२१ मार्च १९९५

ती. ताईस,

नमस्कार. 

शनिवारी दुपारी आपल्या टेबलासमोर साठ-सत्तर माणसं होती. ओडेसा प्रुइट नावाची बास वाजवणारी बाई आली होती. इथल्या वादकांत तिचा शब्द चालतो. ती तो ॲशचा बास घ्यायच्या बेतात होती. मी बाबांना खुर्चीत बसवलं, त्यांची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. मग मान खाचेत दाबली, सगळ्यांना दाखवलं की एकही स्क्रू नाही, आणि उचललं.

धड पडलं, ताई. सिमेंटच्या जमिनीवर, कोपऱ्यावर. त्याचं शिंगासारखं वरचं टोक तुटून टेबलाखाली गेलं. मी हातात नुसती मान धरून उभा होतो, कापलेल्या कोंबडीची मान धरावी तसा. कुणीतरी हसलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला नाही, त्यानं कीव केल्यासारखं पाहिलं, ते जास्त लागलं. बाबा खुर्चीतून उठले आणि बाहेर गेले.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी सांगितलं की हल्ली जोडाचं काम माझी बहीण हेन्रिएटा करते, वडिलांचे हात चालत नाहीत. खोटं सांगितलं का? तुला नाव हवं होतं ना? घे. तुझ्या हातचा जोड भर बाजारात सुटला. बावीस वर्षांचा हिशेब मला ऐकवतेस, आणि एक खाच धड कापता येत नाही? खांदा बोलतो म्हणालीस. बोलत असेल तर ऐक त्याचं, आणि काम थांबव.

दोन गिटारी शुक्रवारीच गेल्या होत्या, म्हणून तोंड दाखवायला जागा आहे. बाबा तीन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत.

याउपर काय लिहू? राग ओसरला की पुन्हा तुझाच.

गेरिट


ओव्हरिसेल
२५ मार्च १९९५

चि. गेरिट,

तुझं पत्र मी कामाच्या टेबलापाशी उभ्यानं वाचलं. मग खाली बसले.

पाठवण्याआधी प्रत्येक जोड मी स्वतः उचलून बघते. एकदा नाही, तीनदा. तो ॲशचा बास उचलून मी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले होते. तरी तू म्हणतोस पडला, तर पडलाच असेल. कालपासून मी नवीन लाकडाला हात लावलेला नाही. छिन्नी उचलते, आणि वाटतं, हात गेला की काय. बाबांचाही असाच गेला होता, आधी कुणाला कळलं नव्हतं, त्यांनाही नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझा जावा?

पण एक गोष्ट मला समजली, आणि ती गिळता येत नाही. बावीस वर्षांत तू चारचौघांत माझं नाव पहिल्यांदा घेतलंस ते धड जमिनीवर पडल्यावर. पडण्याआधी टाळ्या झाल्या तेव्हा ते तुझ्या तोंडात आलं नाही. पडलं आणि लगेच आलं! किती पटकन आठवलं रे तुला.

बास जसा आहे तसा पाठव. तुटलेलं शिंगही पाठव. काही पुसू नकोस, चिकटवू नकोस, त्यावर तुझी मखमलही घालू नकोस.

बाबांना नमस्कार. तुला काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून सही करते.

हेटी


ओव्हरिसेल
३ एप्रिल १९९५

गेरिट,

आज आशीर्वाद नाहीत.

बास पोचला. खिडकीपाशी नेऊन खाच उजेडात धरली. माझं नाव नाही. नाव होतं तिथे भिंतीवर आडवे-उभे ओरखडे आहेत, पॉलिश पेपरचे, ऐंशी नंबरच्या जाड पेपरचे. मांजरानं नखं मारावीत तसे. मी त्या भिंतीला शेवटचा हात चारशे नंबरचा देते, तो बोटाला लागतही नाही. तू समोरासमोरच्या दोन्ही भिंती घासल्यास. माझं नाव एकाच भिंतीवर होतं, दुसरी कशाला घासलीस? दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून? कागदाची एक घडी सरकेल एवढी फट झाली आहे. एवढ्या फटीत जोड राहत नसतो, गाढवा. गिटारवाल्याच्या घरात जन्मून चाळीस वर्षांत तुला एवढं कळलं नाही?

तू माझं नाव घासून काढलंस, त्यामुळे जोड सुटला, आणि सुटलेल्या जोडाला माझं नाव दिलंस. हे मी कागदावर तीनदा लिहून पाहिलं, कुठल्याही बाजूनं वाचलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. आणि मी इथे नऊ दिवस स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होते! डॉक्टरांकडे जाऊन बोटं ताणून दाखवून आले. त्यांनी सांगितलं की बोटं ठणठणीत आहेत, झोप घ्या.

आता नीट ऐक. सातही घासलेस का? खरं सांग. विकलेल्या दोन गिटारी कुणाकडे गेल्या त्यांची नावं-पत्ते दे. त्यांच्या माना स्क्रूंनी धरल्या असतील, पण आत हलत असणार, आणि सूर लागला तरी टिकायचा नाही. सैल जोडाचं काम या शेडमधून आजवर बाहेर गेलेलं नाही. त्या दोघांना मी स्वतः पत्र घालणार आहे आणि काय झालं ते जसंच्या तसं लिहिणार आहे. ‘भावाने नाव पुसले’ असंच.

उत्तर आलं तर वाचीन. एरवी तुझी वाट नाही.

हेन्रिएटा


नॅशव्हिल
८ एप्रिल १९९५

ती. ताईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, लाथ मारलीस तरी चालेल.

सातही घासले. पत्ते सोबत जोडलेत. आता जे लिहितो ते लिहायचं नव्हतं, पण तू त्या लोकांना ‘भावाने’ म्हणून कळवणार, तर पूर्ण कळव. तुझं दहा तारखेचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं होतं. सगळं, पाटीचंही.  ते म्हणाले की नाव पुसून टाक. माझ्या शिक्क्याशेजारी दुसरं नाव नको म्हणाले. स्वतः उठून ड्रॉवरमधून रबर काढून दिलं.

मी रबर फिरवलं. पण तू पेन्सिल दाबून लिहिलेलं, ॲशच्या रेषांत शिसं बसलेलं, काळपट डाग राहिला. म्हणून पॉलिश पेपर घेतला. लाकूड एवढंसं गेलं तर काय होतं, असं वाटलं. मी विकणारा माणूस, ताई. मला जोड दाखवता येतो, कळत नाही. हे मी पहिल्यांदाच कबूल करतोय.

त्या दिवशी तुझं नाव सांगितलं ते मात्र माझंच पाप. ते बाबांनी सांगितलं नव्हतं. माझी अब्रू वाचवायला जे हाताशी आलं ते फेकलं.

अजून एक. ओडेसा प्रुइटनं ते पडलेलं धड उचललं होतं. खाचेत बोट फिरवलं आणि मला म्हणाली की ज्यानं खाच कापली त्यानं या भिंती घासलेल्या नाहीत, ही दोन वेगळी माणसं आहेत. मी हसण्यावारी नेलं. परवा ती पुन्हा आली आणि तुझा पत्ता घेऊन गेली. कशासाठी ते सांगितलं नाही.

बाबांना यातलं काही लिहू नकोस असं म्हणणार होतो. पण तुला सांगून उपयोग काय?

ओरड, पण बहीण राहा.

गेरिट


ओव्हरिसेल
१२ एप्रिल १९९५

ती. बाबांस,

सा. नमस्कार. हे पत्र गेरिटकडून वाचून घेऊ नका. भिंग घ्या आणि स्वतः वाचा. मी मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

लहानपणी दर रविवारी वाटाण्याच्या सूपाबरोबर तुम्ही आम्हाला एकच गोष्ट वाढायचात. मोठ्या कारखान्यात तुम्ही एकोणीस वर्षं माना तासल्या. बाहेर मालकाचं नाव. तुम्ही खाचेत पेन्सिलीनं ‘हा. डा.’ लिहायचात, आणि पाळी संपायच्या आधी मुकादम रबर घेऊन फिरायचा. एकोणीस वर्षं तुम्ही लिहिलंत आणि त्यानं पुसलं. आई म्हणायची की पुरे झालं, सूप निवतंय. तुम्ही म्हणायचात की नाही, पोरांना कळू दे. म्हणून तुम्ही ते सोडलंत, कोंबड्यांची ही शेड घेतलीत, स्वतःच्या नावाचा पितळी शिक्का करून आणलात. तो पहिल्यांदा मारलात तेव्हा मी अठरा वर्षांची होते. तुम्ही रडलात, आणि मी आयुष्यभर तुमच्याच बाजूनं राहायचं ठरवलं.

आता मला सांगा, गेरिटला रबर काढून देताना तुम्हाला मुकादम आठवला नाही? पुसायचं कसं, केव्हा पुसायचं, कशानं पुसलं की माणूस गप्प बसतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे. मी फक्त समजत होते की तुम्ही ते शिकला नाहीत.

मला तुमचा शिक्का नको होता. तुमच्या शेजारी बोटभर भिंत हवी होती, तीही अंधारातली, जिथे कुणी बघत नाही. तेवढीही द्यायला तुम्हाला जड गेली. मी मुलगी म्हणून की तुमचे हात थांबले आणि माझे चालतात म्हणून? दोन्हींचा मला सारखाच राग आहे.

लग्न कर म्हणालात तेव्हा मी नाही म्हणाले, कारण त्या वर्षी बारा बासची मागणी होती. हे तुमच्यावर उपकार म्हणून लिहीत नाही. मला काम आवडत होतं. पण कुणाचं काम, हे आता विचारते आहे.

औषधं घ्या. सायंकाळी गार वाऱ्यात बसू नका.

तुमची
हेन्रिएटा


नॅशव्हिल
१९ एप्रिल १९९५

चि. हेन्रिएटा हीस,

आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे. वाचता आलं तर वाच.

मी रबर सांगितलं होतं. पॉलिश पेपर नाही. जोडाच्या भिंतीला ऐंशी नंबर लावणारा माणूस माझ्या पोटी जन्मला याची लाज वाटते. त्याला तसं तोंडावर सांगितलं.

बाकी तू लिहिलंस ते उद्धट आहे. बापाला मुकादम म्हणतेस? मुकादमानं दुसऱ्याचं काम मालकाच्या नावावर घातलं. मी कुणाचं काम घेतलं? शेड माझी. मानेचा आकार माझा. मानेच्या टोकावरच्या डोक्याचा आकार माझा, मी काढलेला, अजून कुणाला जमलेला नाही. छिन्नी कशी धरायची ते तुला मी दाखवलं. लोक नावाला येतात, आणि एका दुकानाचं नाव एकच असतं.

हात गेले, डोळे जात आहेत. टेबलामागे मला बसवतात तेव्हा लोक त्या पाटीकडे बघून माझ्याशी हात मिळवतात. तेवढंच उरलं आहे. त्यात वाटा मागायला तुला हीच वेळ सापडली?

प्रकृती जप. इस्टरला बदामाचं सारण भरून बांकेट केलास का? इथे मिळत नाही.

हार्मेन डायकेमा


ओव्हरिसेल
२६ एप्रिल १९९५

ती. बाबांस,

नमस्कार. पत्र पोचलं. सगळं वाचता आलं.

मी वाटा मागत नाही. परत देते आहे. शेडवरची पाटी काल उतरवली. वेगळ्या पार्सलनं तुमचा पितळी शिक्का पाठवला आहे, फडक्यात गुंडाळून, तो तुमचाच आहे. डोक्याच्या आकाराचे साचेही खोक्यात घालून ठेवले आहेत. मी नवीन आकार काढला. तीन रात्री लागल्या. तुमच्याइतका देखणा नाही, पण माझा आहे.

मानेचा आकार मात्र देणार नाही. तुमच्या माना अंगठ्याला जाड लागायच्या, त्या मी ब्याऐंशी साली पातळ केल्या. तुम्ही त्या वेळी आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता आणि नंतर गिऱ्हाइकांना स्वतःची युक्ती म्हणून सांगू लागलात. मी मूग गिळून बसले, ती माझी चूक. कुणाचं काम घेतलं म्हणून विचारता, म्हणून एक उदाहरण दिलं. आणखी हवी असतील तर कळवा, वही भरेल.

विकलेल्या दोन गिटारी दुरुस्तीला आल्या. दोघंही चांगली माणसं निघाली, एकानं तर मान उतरवल्यावर खाचेचा फोटो मागितला. घासलेल्या भिंतींना मेपल लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून खाचा पुन्हा कापल्या. उचलून बघितल्या. जोड बसले. माझे हात शाबूत आहेत.

ओडेसा प्रुइट यांचं पत्र आलं आहे. त्यांना पाचतारी बास हवा आहे आणि त्यांनी एकच अट घातली आहे, डोक्यावर करणाऱ्याचं नाव पाहिजे. पुढच्या मार्चमध्ये नॅशव्हिलच्या प्रदर्शनात मी माझ्या नावानं टेबल घेतलं आहे. गेरिटला विकायचं असेल तर माझ्या टेबलावर माझ्या पाटीखाली उभं राहून विकावं. पगारावर.

बांकेट केला होता. एकटीनं खाल्ला.

हेन्रिएटा डायकेमा


नॅशव्हिल
५ मे १९९५

चि. हेन्रिएटा हीस,

आशीर्वाद.

शिक्का मिळाला. तीन दिवस स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आहे. गेरिट पसारा आवरतो, पण त्याला हात लावत नाही. काल तो घेऊन मी त्याच्या घरभर फिरलो. मारावा असं माझ्या हातचं काही सापडलं नाही. सात वर्षांत, का पाच? तुला ठाऊक.

मुकादमाचं नाव मला अजून पाठ आहे. तो मरून बरीच वर्षं झाली. मी त्याच्या अंत्यविधीला गेलो नव्हतो, आणि त्याचा मला आनंद होता. गेरिटला मी जे रबर दिलं ते माझ्याच ड्रॉवरमधलं होतं. कोणी दुसऱ्यानं आणून माझ्या हातात ठेवलं नव्हतं. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही, आणि गेरिटसमोर बोलायला लावू नकोस.

ब्याऐंशीच्या माना तुझ्या होत्या.

मी पुढच्या गुरुवारच्या बसनं येतो. गेरिट नको म्हणाला, त्याला गप्प केलं. छिन्नी मला धरता येणार नाही. वेढे देता येणार नाहीत. मानेला तेल चोळायला कंप आड येत नाही, मी इथे खुर्चीच्या हातावर करून पाहिलं. तेवढं काम असेल तर दे. तुझ्या पाटीखाली बसेन. नाव कुठे लिहायला नको.

तू दार उघडशील या आशेवर,

बाबा


ओव्हरिसेल
९ मे १९९५

ती. बाबांस,

नमस्कार. गुरुवारी बसथांब्यावर येईन. राग गेलेला नाही, तो घेऊनच येईन. वाटेत बोलला नाहीत तरी चालेल.

काम सकाळी आठला सुरू होतं. पाच मिनिटं उशीर झाला की मी बोलते, हे तुमच्याकडूनच शिकले. पाचतारीची मान तासून झाली आहे. तेल तुम्हीच लावा, तीन हात द्यावे लागतील.

पण नाव नको म्हणालात, ते इथे चालायचं नाही. या शेडमध्ये ज्याचा हात लाकडाला लागेल, त्याचं नाव खाचेत जाईल. तेल चोळणाऱ्याचंसुद्धा. पेन्सिल मी देईन, आणि कंप आला तर मनगट धरीन.

फक्त माझ्या नावाच्या खाली लिहायचं.

हेन्रिएटा